साष्टांग नमस्कार, सध्या उभ्यानेच

बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप वहिनींना,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगाला डॉक्टरबाईंनी अजून पाच आठवडे मनाई केली आहे. वाकायलाही फारसं नको म्हणतात. तेव्हा हा नमस्कार भिंतीला टेकून, उभ्यानेच केला आहे असं समजावं. भावना मात्र पूर्ण आडवी आहे.)

तुमची दाढ कशी आहे? काढली, की अजून तिची समजूत घालणं चालू आहे? दादाची कंबर? त्याला म्हणावं, या घराण्यात सध्या अंथरुणावर पडण्याचा मान माझा आहे, त्याने मध्ये घुसू नये. छोटी आता शाळेत रडत नाही असं बाबा म्हणाले. आता तिच्या बाई रडतात, असंही म्हणाले. इकडे सर्व क्षेम. पत्रात ‘सर्व क्षेम’ लिहायचंच असतं म्हणून लोक लिहितात, पण या खेपेला ते खरं आहे, आणि ते खरं होईपर्यंत काय काय झालं ते कळवण्यासाठी हा खटाटोप. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचे हात कायम कशात तरी असतात, त्यामुळे तुमच्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो, आणि पुढचा मजकूर स्पीकरवरचा नाही.

आज शस्त्रक्रियेला बरोबर सात आठवडे झाले. चौतीस वर्षं मी जी आतल्या आत होते ती आता बाहेरूनही आहे, एवढंच तिच्याबद्दल सांगते. साडेपाच तास लागले, आणि त्या साडेपाच तासांत मी गाढ झोपले होते, त्यामुळे त्यात माझं कर्तृत्व शून्य. कर्तृत्व लागतं ते नंतर. नव्या गाडीबरोबर सर्व्हिसिंगचं पुस्तक मिळतं तसं मलाही बत्तीस पानांचं एक पुस्तक मिळालं: काय उचलायचं नाही, कसं बसायचं, कशावर बसायचं, काय दिसलं तर घाबरायचं आणि काय दिसलं तर मुळीच घाबरायचं नाही. (दोन्ही याद्या वाचल्या की माणूस सरसकट घाबरतो.) आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी तीन महिन्यांची सुट्टी दिली. त्यांना म्हटलं, दोन महिन्यांत येते. ते म्हणाले, “बाई, तुमचं काम म्हणजे खड्ड्यातून जाताना दुसऱ्याच्या भरवशावर बसणं. नीट बऱ्या होऊन या.”

शुश्रूषेला बाबा आले. पाणीखात्यात छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरातून निघताना हत्यारांची पिशवी घेतल्याशिवाय त्यांना चप्पल सापडत नाही. हॉस्पिटलातही ते पिशवीसकट आले. मी शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते त्यांचं टक्कल. पलंगाच्या कडेला उकिडवे बसून ते माझ्या लघवीच्या नळीचा आणि पिशवीचा सांधा चष्मा कपाळावर चढवून बघत होते. मुलीच्या कपाळावर हात ठेवणं वगैरे त्यांना जमत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मोठ्या सिस्टर आत आल्या तर यांनी त्यांना विचारलं, “हे फिटिंग कोणी केलं?” सिस्टर म्हणाल्या, मी. बाबा म्हणाले, “काम स्वच्छ आहे. पण पिशवी वर टांगलीत, उतार मिळत नाही.” मला वाटलं, आता हे बाहेर जाणार. सिस्टरांनी वाकून पाहिलं, पिशवी खरंच वर अडकवली होती. त्यांनी ती मुकाट्याने खाली घेतली, आणि त्या दिवसापासून बाबांचा त्या मजल्यावर भाव वधारला. दुसऱ्या दिवशी तर ते शेजारच्या खोलीतही उतार तपासायला गेले होते, तिथल्या बाईंना नळी लावलेलीच नव्हती.

सहाव्या दिवशी नळी काढली. नियम असा की नळी काढल्यावर तुम्ही पाणी प्यायचं आणि तीन तासांत स्वतःच्या हिमतीवर लघवी करून दाखवायची. ऐकायला अगदी सोपं. वहिनी, जी गोष्ट आपण जन्मल्यापासून कुणी न सांगता करतो ती सिस्टर घड्याळ घेऊन दाराशी उभ्या असताना करून बघा. पहिला तास गेला, दुसरा गेला. पोट तट्ट. मी संडासात बसून एक ते शंभर मोजले, मग वाहतुकीच्या खुणा सगळ्या पाठ म्हटल्या (‘थांबा’ आली तिथे स्वतःवरच वैतागले). बाहेर बाबांनी आपला अनुभव पणाला लावला. वाहत्या पाण्याच्या आवाजाने माणसाला होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी व्हरांड्यातल्या बेसिनचा नळ सोडला, मग शेजारचा सोडला. त्यांचा अनुभव खरा ठरला, फक्त माझ्या बाबतीत नाही. समोरच्या खोलीतले दोन रुग्ण, त्यांना भेटायला आलेल्या एक मावशी आणि फरशी पुसणाऱ्या ताई, अशी व्हरांड्यात रांग लागली, आणि आत मी कोरडी ठणठणीत.

शेवटी नळी परत घालावी लागली, आणखी आठ दिवसांसाठी. सूज आहे, बऱ्याच जणींना असं होतं, घाबरायचं कारण नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मी घाबरले. हे आता असंच राहिलं तर, असं मनात आलं आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. बाबा पलंगाशी उभे. बराच वेळ त्यांनी पिशवीतला पाना काढला, ठेवला, काढला, ठेवला. मग म्हणाले, “अगं, नवी लाईन टाकली की पहिल्यांदा हवा धरते. नळ सोडला की नुसतं फुस्स येतं. घरातल्या बाया ओरडतात, काम बिघडवलं म्हणून. मी छत्तीस वर्षं एकच सांगत आलो, थांबा, येतंय.” आणि आठ दिवसांनी नळी काढली तेव्हा पाऊण तासात आलं. मी आतून ओरडले, “बाबा, आलं!” व्हरांड्यात त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच नाही, सिस्टरही होत्या.

मग घरी आलो. घरचं मुख्य काम म्हणजे डायलेटर. तुम्हाला सरळच सांगते: शरीरात नवी केलेली वाट शरीराला जखमच वाटते, आणि जखम बुजवणं हा त्याचा स्वभाव. तसं होऊ नये म्हणून गुळगुळीत कांड्या दिलेल्या असतात, बारीक ते जाड अशा पाच. त्या दिवसातून तीनदा, अर्धा अर्धा तास, आडवं पडून, दीर्घ श्वास घेत वापरायच्या. पहिल्या आठवड्यात दुखतं, दुसऱ्यात कंटाळा येतो, तिसऱ्यात माणूस छताच्या भेगांना नावं देतो. बाबांनी वहीत तक्ता आखला: सकाळी आठ, दुपारी तीन, रात्री आठ. घड्याळ लावून ठरल्या वेळी ते म्हणतात, “चला, पाणीपुरवठ्याची वेळ,” आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसतात. दोन खोल्यांच्या घरात मुलीला एकांत द्यायचा तर बापाला जिनाच उरतो.

तळमजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. वीस वर्षं मशीनवर वाकून मान आखडलेली, पण जीभ अगदी मोकळी. माझ्याकडेच गाडी शिकल्या. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाल्या, आता लायसन्स आहे पण त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नाही. त्यांनी बाबांना रोज तीनदा जिन्यात पाहिलं आणि विचारलं, घरातून काढलं का? बाबांना खोटं येत नाही आणि खरं सांगवत नाही, तेव्हा ते म्हणाले, “नाही हो, मुलीचा व्यायाम चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलाय. अर्धा तास, आडवं पडून.” (ते ‘मुलीचा’ म्हणाले, आपसूक. दाराआडून मी ऐकलं. त्या अर्ध्या तासात पुढच्या मापाची कांडी पहिल्यांदाच विनातक्रार झाली, याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावावा.) शिंपीणबाईंनी मात्र त्यातलं ‘आडवं पडून’ एवढंच उचललं. दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला त्या चटई गुंडाळून दारात हजर. मी आत कांडीसह. दार अर्धा इंच उघडं. बाहेरून आवाज, “मॅडम, मानेला आडव्याचा व्यायाम चांगला असं मीही ऐकलंय. मी तुमच्या शेजारीच पडते, काही बोलणार नाही.” बाबा दारासमोर हात पसरून उभे. म्हणाले, “त्याला साहित्य लागतं.” त्या म्हणाल्या, “कसलं ते सांगा, मी शिवून आणते.” मी आत हसले, आणि वहिनी, ते यंत्र आत असताना हसू नये, असं बत्तिसात एका तरी पानावर लिहायला हवं होतं.

संध्याकाळी मी त्यांना वर बोलावलं आणि सगळं सांगितलं. शेजारपाजार म्हणजे काय ते आपण दोघी जाणतो, त्यामुळे आधी दाराला कडी घातली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मॅडम, तुमचा पहिला ड्रेस मीच शिवला. मापं घेणाऱ्या बाईला काय सांगता? ते मला ठाऊकच होतं. पण व्यायामाचं मला खरंच वाटलं हो.” आणि जरा हिरमुसल्या, मानेपायी. मग टेप काढून त्यांनी पाचही कांड्यांची मापं घेतली, अगदी बाहीची घ्यावीत तशी, आणि दुसऱ्या दिवशी पाच कप्प्यांची एक पिशवी आणून दिली, आत मऊ अस्तर, वर बंद, कडेला लेस. लेस कशाला विचारलं तर म्हणाल्या, रोज हाताळायची वस्तू आहे, जरा बरी दिसावी.

चौथ्या आठवड्यात एक दिवस मात्र वाईट गेला, तो लपवत नाही. काही बिघडलं नव्हतं. सकाळी उठले आणि नुसतं रडू. पश्चात्ताप नव्हे, वहिनी, तो एक दिवसही नाही. पण इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते होऊन गेलं, आणि आता उरल्या त्या गोळ्या, पॅड, तक्ता आणि छताच्या भेगा, असं काहीतरी. सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, या सुमाराला बऱ्याच जणींना होतं, शरीर दमलेलं असतं, आज काहीही ठरवू नकोस, फक्त जेव आणि अंघोळ कर. जेवले. केस मात्र गुंत्याचे झाले होते, आणि हात वर करायचंही त्राण नव्हतं. बाबांनी कंगवा घेतला. म्हणाले, बस. (एका कुशीवर कलून, अर्थात.) आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि केस बारीक कापलेले असायचे, त्यामुळे वेणी हा विषय त्यांच्या हाताखालून कधी गेलाच नव्हता. त्यांनी मग त्यांना येत होतं ते केलं. सांध्याला सूत गुंडाळतात तसे केस आट्यांवर आटे घट्ट फिरवले, शेवटी गाठ मारली, ओढून पाहिली आणि म्हणाले, “आता गळणार नाही.” ती वेणी सोडवायला तीन दिवस लागले. शिंपीणबाईंना कात्री लावायची होती, मी लावू दिली नाही.

सहा आठवड्यांची तपासणी गेल्या गुरुवारी झाली. टॅक्सीवाले गतिरोधकावरून गाडी उडवतात, म्हणून आमच्या स्कूलची गाडी मागवली आणि चालवायला शिंपीणबाई. मी मागे. शेजारच्या सीटवर बाबा, आणि तिथे पायाशी शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक असतो हे त्यांना मी सांगायला विसरले. पायाखाली काहीतरी दाबलं जातंय असं त्यांच्या लक्षात आलं आणि व्हॉल्व्ह तपासावा तसा ते दर शंभर पावलांवर तो तपासू लागले. गाडी का थांबते ते शिंपीणबाईंना कळेना, मला मागून ओरडता येईना, कारण ओरडलं की टाके ओढतात. ते उलगडल्यावर मात्र बाई अशा चालवू लागल्या की काय सांगू. प्रत्येक उंचवट्याआधी “मॅडम, आला हं,” असं म्हणून रेशमी कापडाच्या घडीवरून हात फिरवावा तशी गाडी नेत. एरवी मी त्यांच्या नावाने ‘अहो, जरा वेग वाढवा’ म्हणून कंठशोष करते. त्या दिवशी मागचे सगळे हॉर्न मला मंगल वाद्यांसारखे वाटले.

मी बसले होते ती गादीही बाबांनीच बनवलेली. दुकानातली हवेची गोल गादी त्यांना ‘नाजूक माल’ वाटली, म्हणून त्यांनी स्कूटरची ट्यूब आणून तिला शिंपीणबाईंकडून खोळ शिववून घेतली. दवाखान्याच्या बाकावर मी तिच्यावर टेकले आणि पाचव्या मिनिटाला तिने सूर लावला. बारीक, लांबलचक, चढत जाणारा. आधी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सभ्यपणाने दुसरीकडे. बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “ती नव्हे, ट्यूब आहे.” त्याने मामला अधिकच संशयास्पद झाला. तेवढ्यात खिडकीवरची नवी मुलगी फॉर्म भरू लागली. मी तर सुराखाली बोट दाबून बसलेली, म्हणून बाबा पुढे झाले. तिने मान वर न करता विचारलं, “शेवटची पाळी कधी?” बाबा ताठ उभे राहून म्हणाले, “एकतीस तारखेला. दुसरी पाळी. संध्याकाळी साहेबांनी हार घातला आणि घड्याळ दिलं.” त्या मुलीने पहिल्यांदाच मान वर केली.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, काही तक्रार? मी ‘नाही’ म्हणायच्या आत बाबांनी वही उघडली. “दाब चांगला आहे,” त्यांनी वाचलं, “पण धार सरळ नाही. फवारा उडतो, डावीकडे.” वहिनी, जमीन दुभंगायची ती वेळ होती, पण फरशी मजबूत निघाली. डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या, अजून सूज आहे, ती उतरली की धार सरळ होईल. बाबा म्हणाले, म्हणजे तोंडाशी कचरा. त्या म्हणाल्या, साधारण तसंच. मग बाबांना बाहेर पाठवून त्यांनी तपासलं. आत एका जागी कोवळं मांस जास्त वाढलं होतं, त्याला औषधाची काडी लावली, चरचरलं आणि झालं. बाकी जखम छान भरते आहे, खोली राखली आहे, तक्ता कोणी आखला त्याला शाबासकी द्या, म्हणाल्या. शिवाय, पुरुषांना उतारवयात ज्या ग्रंथीचा त्रास होतो ती माझ्या पोटात आहेच, ती काढत नाहीत, तेव्हा पुढे तिचीही तपासणी चुकवायची नाही. (म्हणजे म्हातारपणी मी दोन्ही रांगांत उभी.) मी बाहेर आले तर बाबा बेसिनखाली आडवे, फक्त पाय दिसत होते. दवाखान्याचा नळ गेले सहा महिने ठिबकत होता म्हणे. परत जाताना डॉक्टरबाई त्यांना दारापर्यंत सोडायला आल्या. मला नाही आल्या.

तर असं हे सर्व क्षेम. दादाला नमस्कार, छोटीला पापा. दाढेकडे दुर्लक्ष करू नका, डॉक्टरांना माणसं खात नाहीत आणि डॉक्टरही माणसांना खात नाहीत, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

तुमची,
धाकटी

ता. क. पत्र बाबांना वाचून दाखवलं. ट्यूब फुटली नव्हती, तिचा वायसर खराब होता, अशी दुरुस्ती करावी असं त्यांचं म्हणणं. आणि हॉस्पिटलात आपण कुठेही रडलो नाही असं ठळक लिहावं म्हणतात. (मी तसं कुठे लिहिलंच नव्हतं.)

दुसरा ता. क. आता मुद्द्याचं. डॉक्टरबाई म्हणतात, पहिलीनंतर तीन महिन्यांनी एक छोटी शस्त्रक्रिया करून बाकीचं सारखं करून घेऊ. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला, दोन रात्री मुक्काम. मागच्या खेपेला माझ्या कागदांवर जुनंच लिहिलेलं होतं, म्हणून हॉस्पिटलाने मला वेगळी खोली दिली आणि बाबा राहू शकले. आता कागद बदलून आले आहेत. मला महिला कक्षात खाट मिळाली आहे, आणि महिला कक्षात रात्री पुरुष नातेवाईक चालत नाही. माझ्या बाईपणाचा पहिला सरकारी फटका बाबांना बसला. शिंपीणबाई एका पायावर तयार आहेत, पण मला तुम्ही हव्या आहात. याल का?

तिसरा ता. क. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी तुमचा दीर होते. गेली चार वर्षं तुम्ही मला फोनवर ‘हं, बोला’ एवढंच म्हणता. चुकीचं काही तोंडून जाऊ नये म्हणूनच, हे मला कळतं, आणि मीही कधी काही सुचवलं नाही. पण कक्षाच्या खिडकीवर एक फॉर्म असतो. सोबत राहणाऱ्या बाईने तो स्वतःच्या अक्षरात भरायचा, आणि त्यात ‘रुग्ण तुमची कोण’ असा एक रकाना आहे. जुना शब्द दोन अक्षरांचा होता, नवा तीन अक्षरांचा. मी खिडकीवर जाऊन रकाना बघून आले आहे. मावतो.